मॅडमचा किनारा

खोली बघायला गेले तेव्हा मॅडमनी मला पहिला प्रश्न विचारला तो जपानबद्दल. मी दारातच उभी होते, हातात वर्ध्याहून आणलेली बॅग, पाठीवर एप्रिलचं ऊन. जाळीच्या दाराआडून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "जपानकडे काय नाही?"

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"राजधानी सगळ्यांना येते," त्या म्हणाल्या. "काय नाही ते सांग."

"जागा नाही," मी म्हटलं.

"ते आहेच. अजून?"

"तेल नसेल."

"तेल नाही, गॅस नाही, कोळसा होता तो संपवला. आणि थंडी? थंडी भरपूर. मंग घरं कशानं तापवतील ते लोक?" एवढं बोलून त्यांनी कडी काढली. "वरची खोली आहे. पाणी सकाळी येते. ये."

मी तेव्हा रेल्वेच्या हिशेब खात्यात नवीन लागले होते आणि जबलपुरात माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं. ऑफिसातल्या एकीनं सांगितलं होतं की कांचघर मोहल्ल्यात एक मराठी मॅडम एकट्या राहतात, खोली देतात, पण त्यांच्याकडे कोणी फार टिकत नाही. का टिकत नाही ते मला पहिल्या हिवाळ्यात कळलं. पाणी भरायला खाली उतरले की मॅडम ओट्यावर खुर्ची टाकून बसलेल्या असत आणि मोबाइलमधून मोठ्यानं वाचत, "टोकियो, दोन डिग्री. सोल, उणे सात. बीजिंग, उणे चार." वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा त्यांचा आवाज होता, त्यामुळे समोरच्या तीन-चार घरांनाही सोलचं तापमान ठाऊक असे. जबलपूरचं त्या कधी वाचत नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "ते अंगाला कळते ना वं. त्याला मोबाइल कशाला पाहिजे?"

टोकियोत थंडी वाढली की मॅडम खुशीत. थंडी वाढली की घरं तापवायला गॅस जास्त लागणार, गॅस लागला की भाव चढणार, भाव चढला की घेणारे नवीन किनारे शोधायला निघणार. आणि त्या नवीन किनाऱ्यांपैकी एकावर त्यांचा मुलगा होता.

मॅडम सरकारी कन्या शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या शिक्षिका. बुटक्या, मानेपर्यंत कापलेले पांढरे केस, सुती साडी आणि खाली कॅनव्हासचे बूट. त्यांचे आजोबा भंडाऱ्याकडून इकडे आलेले. यजमान फॅक्टरीत होते, ते मी येण्याच्या खूप आधी गेलेले. एकुलता एक मुलगा मिलिंद सिव्हिल इंजिनियर. आधी आखाती देशात काही वर्षं, मग आफ्रिकेच्या पूर्व बाजूच्या एका देशात. तिथं समुद्राच्या तळाखाली गॅस सापडला होता, भरपूर. त्या देशाचं नाव मॅडम क्वचितच घेत. "माझा किनारा" म्हणत. त्यांनी स्वतः समुद्र कधीच पाहिला नव्हता. त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पुरातली नर्मदा.

बैठकीच्या भिंतीवर त्यांनी जगाचा नकाशा रंगवला होता. खिडकी-दारांना लावायचा निळा ऑइल पेंट वापरून समुद्र केला होता आणि जमिनी चुन्याच्या तशाच ठेवल्या होत्या. घरात येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो मीटर बघणारा का असेना, या नकाशासमोर थोडा वेळ काढावा लागे.

"गॅस जहाजात कसा भरणार?" त्या विचारत. "हवा कधी पोत्यात भरली का कोणी? मंग काय करतात, तर त्याला थंड करतात. असा थंड, की त्याचं पाणी होते. उणे एकशे बासष्ट. सहाशे खोल्यांतला गॅस एका खोलीत मावते. दूध आटवून खवा करतो ना आपण, तसं. फक्त खवा जाळावर होते, हा थंडीवर होते. जहाज जपानला गेलं की पुन्हा गरम करायचं. पुन्हा गॅस."

सिलेंडरवाला आला की हमखास भांडण. तो बिचारा खालून ओरडे, "मैडमजी, गैस आई है." मॅडम ओट्यावर येत. "भैया, ये गैस नहीं है. ये तेल का छोटा भाई है. गैस तो मेरे बेटे के पास है." सिलेंडरवाला हसे. मॅडम हसत नसत. सिलेंडरातला गॅस तेल शुद्ध करताना निघतो, असं त्यांचं म्हणणं. मुलाच्या कामाला लोक स्वयंपाकाच्या सिलेंडरशी जोडतात याचा त्यांना खरोखर त्रास होई.

विकणाऱ्या देशांबद्दल त्या आपल्या जुन्या वर्गातल्या मुलींबद्दल बोलावं तसं बोलत. कतार पहिल्या बाकावरची, वही नेहमी पूर्ण. ऑस्ट्रेलिया हुशार, पण तिचं सगळंच महागडं. अमेरिका उशिरा शाळेत आली आणि बघता बघता पुढं निघून गेली. "आणि माझा किनारा शेवटच्या बाकावर आहे. वही नाही, पेन्सिल नाही. पण डोकं आहे. कोणी भरवसा ठेवला तर निघून जाईल पुढं. घेणाऱ्यानं वीस वर्षांचा करार लिहून दिला पाहिजे, की आम्ही तुझाच माल घेऊ. त्याशिवाय कोणी कारखाना उभा करत नाही. एवढा खर्च कोण करेल वं, गिऱ्हाईक पक्कं असल्याशिवाय?"

लोक त्यांना हसत, पण सल्ला विचारायला त्यांच्याकडेच येत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली आता स्वतः आया झाल्या होत्या. मुलीला कोणत्या कॉलेजात घालू, नवऱ्यानं बदली घ्यावी की नाही, घर घमापुरात घ्यावं की शहराबाहेर, हे सगळं मॅडमना विचारलं जाई, आणि मॅडम ताबडतोब उत्तर देत. "बघते" किंवा "विचार करून सांगते" हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत. मला भुसावळचं स्थळ आलं तेव्हा त्यांनी मुलाचं शिक्षण, पगार, घर काहीच विचारलं नाही. "भुसावळ? मे महिन्यात काय हाल असते तिथं, माहीत आहे? नाही म्हणून सांग." मी नाही म्हटलं. कारण वेगळं होतं, पण मॅडमनी ते श्रेय घेतलं आणि मी घेऊ दिलं.

मिलिंदला मी दोनदाच पाहिलं. उंच, किंचित वाकलेला, आईपेक्षा फार हळू बोलणारा. सुट्टीवर आला की दिवसभर घरात काहीतरी दुरुस्त करत बसे. नळाचं वॉशर बदल, गच्चीची भेग भर. मला म्हणाला होता, "दीदी, आईला जरा बाहेर घेऊन जात जा. ती दिवसभर फोनवर गॅसचे भाव बघत राहते." मी म्हटलं, "तुझ्यासाठीच बघतात ना." तो म्हणाला, "हो. म्हणून तर भीती वाटते."

त्याचं काम गॅसच्या कारखान्याचं नव्हतं, हे मला उशिरा कळलं. कारखाना जिथं उभा राहणार होता तिथं कोळ्यांची गावं होती. ती उठवून आत, जमिनीकडे न्यायची होती. त्या लोकांसाठी नवीन घरं बांधायचं काम मिलिंदच्या कंपनीकडे होतं.

हे मला मॅडमनी मटार सोलताना सांगितलं. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी दर हिवाळ्यात सिहोऱ्याहून मटारचं पोतं पाठवी आणि आम्ही दोघी ओट्यावर बसून सोलत असू. मी सहज विचारलं होतं की मॅडम, तुमची नोकरी सुरुवातीपासून जबलपुरातच होती का.

"नाही. पहिली शाळा नर्मदेच्या काठावर होती. दोन खोल्या आणि एक चिंचेचं झाड. धरणाचं पाणी आलं आणि गाव गेलं. लोकांना उठवून वर माळावर नेलं. घरं झाली. शाळा होणार, होणार म्हणत राहिले. माझी बदली इकडे झाली. माझ्या चौथीच्या पोरी होत्या. चांगल्या वाचत होत्या. माळावर गेल्या त्या सरळ लग्नालाच गेल्या." त्यांनी शेंग मोडली आणि दाणे न काढता तशीच हातात ठेवली. "म्हणून मिलिंदला म्हटलं, गाव हलवायचं काम घेतलं ना तू, तर शाळा आधी बांध. घरं मागून. लोक झाडाखाली राहू शकतात, पोरीची चौथी झाडाखाली होत नाही."

"मग त्यानं बांधली?"

"बांधून राहिला आहे."

घेणाऱ्यांनी करार केले आणि कंपन्यांनी कारखाना उभारायचा पक्का निर्णय घेतला, त्या दिवशी मॅडमनी सगळ्या गल्लीत खव्याची जिलबी वाटली. लोकांना वाटलं, मिलिंदचं लग्न जमलं. कोपऱ्यावरच्या किराणेवाल्यानं तसं विचारलंही. मॅडम म्हणाल्या, "लग्न तो सबका होता है, भैया. ये जपान ने साइन किया है." त्या वर्षी जयंतीला विहारात त्यांना बोलायला बोलावलं होतं. विषय बायकांचं शिक्षण होता. मॅडम पाच मिनिटांत गॅसवर आल्या. ज्या माणसाला आपल्या जमिनीखाली काय आहे ते माहीत नाही, त्याची जमीन दुसराच कोणी विकतो. म्हणून त्या किनाऱ्यावरच्या पोरांना आधी शिकवा, मग गॅस काढा, असं त्या म्हणाल्या. लोक खुर्च्या सरकवायला लागले. मला मात्र ते भाषण विषयाला धरूनच वाटलं होतं.

मिलिंदचा फोन दर रविवारी दुपारी येई. मॅडम तो नेहमी स्पीकरवर ठेवत, माझ्यापासून काही लपवायचं नसे. पुढच्या वर्षीच्या एका रविवारी मी त्यांच्याकडेच जेवायला होते. ताटं अजून उचलायची होती. फोन आला आणि मिलिंदनं इकडचं तिकडचं काही न विचारता सांगितलं, "आई, मी वापस येऊन जातो."

"काहून?"

"इथं बरोबर नाही चालून राहिलं. मागच्या आठवड्यात जवळच्या गावात बंदुकीवाले आले होते. घरं जाळली. लोक मारले. आमचा ड्रायव्हर कामावर येत नाही, त्याचं गाव तेच होतं."

"कंपनीचा पहारा आहे ना तुम्हाला?"

"कारखान्याच्या आवारात आहे. आमची वस्ती बाहेर आहे."

"मंग आवारात राहायला जा."

"आई, ज्यांच्यासाठी घरं बांधून राहिलो ते लोकच पळून चालले. मला घरी यायचं आहे."

मॅडमनी फोन उचलून तोंडाजवळ घेतला. "हे बघ, मिलिंद. आत्ता कुठं सह्या झाल्या. यंदा जपानात थंडी अशी पडली आहे की भाव कुठल्या कुठं गेला. आता हे काम थांबत नाही. थांबू देणारच नाहीत. जो आत्ता राहील तो पुढं मोठा होईल. तू आत्ता सोडून आला तर पुन्हा कोण उभा करेल तुला? आणि शाळा? छप्पर झालं का शाळेचं?"

"अर्धं."

"अर्ध्या छपराखाली कोणी शिकत नाही. शाळा पुरी कर. तेवढी कर आणि ये. वर्षभर थांब."

मला वाटलं, लाइन तुटली. मग मिलिंद म्हणाला, "ठीक आहे."

"जेवला का?"

"हो."

फोन बंद झाल्यावर मॅडमनी ताटं उचलली. नळाखाली धुताना मला म्हणाल्या, "लहानपणापासून असाच आहे. शाळेच्या सहलीला पाठवलं तर रडायचा. पोचला की खुश." मी ताटं पुसायला घेतली. मला तेव्हा त्यांचं पटलं होतं. पहारा आहे, मोठ्या कंपन्या आहेत, जगाचा पैसा गुंतलेला आहे, तिथं काय होणार, असंच मलाही वाटलं.

उन्हाळा लागायच्या सुमाराला एका दुपारी किराणेवाला स्वतः दुकान सोडून घरी आला. त्याच्या दुकानात टीव्ही चालू असे. "मैडमजी, वो आपका किनारा... टीव्ही पे दिखा रहे हैं." मी नेमकी घरी होते, आम्ही दोघी त्याच्या दुकानात गेलो. पडद्यावर खालून दोन ओळी सरकत होत्या आणि वर कुठल्यातरी जळणाऱ्या गावाचं चित्र होतं. गावात बंदुकीवाले घुसले होते. परदेशी लोक एका हॉटेलात अडकले होते. मग क्रिकेटची बातमी लागली. मॅडम तशाच उभ्या राहिल्या, क्रिकेट बघत.

मिलिंदचा फोन लागत नव्हता. कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातली मुलगी फोन उचलून दर वेळी तेच सांगे, की माहिती घेणं चालू आहे. पहिले काही दिवस मॅडम फोन करत होत्या, नंतर मी करायला लागले. त्या रोजच्यासारख्या उठत, पाणी भरत, बूट घालून घमापुरातून भाजी आणत. मोबाइल हातात असे, पण वाचत काही नसत. गल्लीतल्या बायका येऊन बसत, देवाचं नाव घ्या म्हणत. मॅडम त्यांना चहा देत.

काही आठवड्यांनी कंपनीचा माणूस आला. मराठी होता, नम्र होता, चपला बाहेर काढून आत आला. त्यानं मॅडमना "मातोश्री" म्हटलं. हॉटेलात अडकलेले लोक गाड्यांमधून किनाऱ्याकडे निघाले होते. वाटेत त्यांच्यावर हल्ला झाला. मिलिंद त्या गाड्यांपैकी एकीत होता. देह मिळाला नाही, पण शंका उरलेली नाही, असं तो म्हणाला. खोलीवर राहिलेले कपडे त्यानं एका निळ्या बॅगेत आणले होते. त्यातले काही मिलिंदचे नव्हते. दुसऱ्या कोणाचा तरी जाड, बाह्यांचा स्वेटर होता. मॅडमनी तोही घडी करून ठेवला.

मग त्यानं पुढची व्यवस्था सांगायला सुरुवात केली, तर मॅडमनी त्याला हातानं थांबवलं.

"शाळेचं छप्पर झालं होतं का?"

तो गोंधळला. "कुठल्या शाळेचं, मातोश्री?"

"तुमच्या कंपनीनं बांधलेल्या."

"ते... मला कल्पना नाही. काम सगळं थांबवलं आहे आता. सगळे लोक बाहेर काढले."

"अच्छा," मॅडम म्हणाल्या. "थांबवता येते म्हणजे."

तो गेल्यावर त्यांनी त्याचा कप धुतला, पालथा घातला आणि बैठकीत जाऊन नकाशाच्या भिंतीकडे पाठ करून बसल्या. त्यानंतर त्यांनी खुर्ची कायमची तशीच ठेवली.

विहारातले लोक मिलिंदच्या पुण्यानुमोदनाच्या विधीचं विचारायला आले. मॅडम नको म्हणाल्या. देह नाही तर कशाचं करायचं, एवढंच. वर्षभर केलं नाही. शेवटी भंतेजी स्वतः आले, जवळ बसले, चहा घेतला, आणि निघताना मॅडमच म्हणाल्या, "करून टाका." त्या दिवशी मिलिंदच्या फोटोसमोर त्या सरळ ताठ बसल्या होत्या, शाळेच्या तपासणीला बसाव्यात तशा. रडल्या नाहीत. घरी येताना रिक्षात मात्र एकदम म्हणाल्या, "ठीक आहे म्हणाला होता." मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला.

आणखी बदललं ते एवढंच, की मॅडमनी सल्ला देणं सोडलं. सिहोऱ्याची ती विद्यार्थिनी मुलीला घेऊन आली होती. मुलीला इंदूरला शिकायला जायचं होतं, आईला भीती वाटत होती. "मॅडम, तुम्ही सांगाल तसं करू." मॅडमनी मुलीकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "मला माहीत नाही." ती बाई समजुतीनं हसली आणि पुन्हा विचारलं. मॅडम उठून आत गेल्या. ती बाई माझ्याकडे बघत राहिली, जणू मीच काही सांगणार होते. मी घर बदललं तेव्हाही त्यांना विचारलं नाही. लग्न ठरलं तेव्हा फक्त कळवलं. नवीन घर जवळच होतं, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडे जात राहिले.

मधल्या काळात युरोपात युद्ध सुरू झालं. रशियाकडून युरोपला जाणारा गॅस आटला आणि ते सगळे देश जहाजांवरच्या गॅसमागे धावायला लागले. मॅडमनी आयुष्यभर ज्याची वाट पाहिली असती तसे ते दिवस होते. किराणेवाल्याला वाटलं, त्यांना बरं वाटेल. सामान बांधता बांधता म्हणाला, "मैडमजी, आपकी गैस तो आसमान पे पहुँच गई." मॅडमनी पिशवी उचलली. "मेरी नहीं है," म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

अमादे आला तो त्यानंतरच्या हिवाळ्यात. मिलिंदच्या हाताखाली साइटवर मुकादमी केलेला, त्याच किनाऱ्यावरचा पोरगा. गाव गेल्यावर भारताची शिष्यवृत्ती मिळवून पुण्यात शिकायला आला होता आणि शिक्षण संपत आलं होतं. त्यानं मिलिंदच्या एका सहकाऱ्याकडून पत्ता मिळवला आणि रेल्वेनं जबलपूरला आला. मॅडमनी मला फोन करून बोलावून घेतलं. मी पोचले तेव्हा तो ओट्यावर बसला होता, सडपातळ, पंचविशीचा, हातात पुण्याच्या दुकानातला मिठाईचा डबा. तो मॅडमना "मामा" म्हणत होता. त्यांच्याकडे आईला तसं म्हणतात. गल्लीतली मुलं हसत होती.

ते दोघं इंग्रजीत बोलले. मॅडमचं इंग्रजी पाठ्यपुस्तकातलं आणि त्याचं साइटवरचं, तरी कुठं अडलं नाही.

त्यानं सांगितलं, तो मिलिंदच्याच गाडीत होता. हॉटेलातून निघाले तेव्हा कोणाला कोणती गाडी मिळाली ते ज्याचं त्याचं नशीब. रस्त्याच्या वळणावर दोन्ही बाजूंनी गोळ्या आल्या. गाडी खड्ड्यात गेली. तो मागच्या दारानं निघून खारफुटीत पळाला आणि तिथं पाण्यात लपून राहिला.

"आणि मिलिंद?"

"ते पुढं बसले होते, मामा. लगेच गेले."

"लगेच?"

"हो." हे सांगताना त्यानं खाली पाहिलं. खरं की खोटं, मला सांगता येणार नाही. मॅडमनी ते दुसऱ्यांदा विचारलं नाही.

शाळेचं त्यानं आपणहून सांगितलं. छप्पर झालं होतं. मिलिंद सरांनी घरांचं काम अडवून आधी ते पुरं केलं होतं. आता तिथं सैनिक राहतात. बाकं त्यांनी चुलीत घातली. मॅडमनी मान हलवली, जणू एखाद्या मुलीनं उत्तर बरोबर दिलं होतं.

तो खालच्या खोलीत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे घेऊन गेले, तेव्हा तो काहीतरी सांगायचं मनात जुळवत होता हे दिसत होतं. पोहे संपल्यावर बोलला. काम पुन्हा सुरू होणार होतं. युरोपवाले, जपानवाले सगळ्यांना गॅस हवा होता. पहारा वाढवला होता आणि कंपनी जुन्या लोकांना परत बोलावत होती. त्यालाही बोलावणं आलं होतं. पुण्यातही एका ठिकाणी नोकरी मिळत होती, लहान, पण सुरक्षित.

"मिलिंद सर म्हणायचे, माझ्या आईला गॅसचं सगळं कळतं. काम टिकेल की बंद पडेल, ती सांगते. म्हणून आलो. तुम्ही सांगा, मामा. जाऊ की इथंच राहू?"

मी मॅडमकडे पाहिलं. मला वाटलं, त्या उठून आत जातील. त्या बसून राहिल्या. बशीत उरलेले शेंगदाणे बोटानं बाजूला करत होत्या.

"काम सुरू होईल," त्या म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचा जुना आवाज ऐकला. "करार वीस वर्षांचे आहेत, ते बुडू देणार नाहीत. भाव खाली आला तरी बंद करणार नाहीत. तुला पगार चांगला मिळेल. बढतीही मिळेल." त्या थांबल्या. "नको जाऊ. पुण्यात राहा. मी सांगते म्हणून राहा."

अमादेनं रिकामी बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "तिथं माझी आई आहे, मामा. छावणीत. ती दुसरीकडे कुठं यायला तयार नाही."

मॅडमचं बोट बशीवर थांबलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, खूप वेळ, आणि त्या नजरेत काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

"मग जा," त्या म्हणाल्या. "आईकडे जायला कोणाला विचारायचं नसतं. आजच जा."

आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "याचं तिकीट बघ वं. दुपारच्या गाडीचं."